न घासलेला ड्रम

खैरहेटीच्या अन्नपूर्णा महिला बचत गटाने बनवलेली कोणतीही वस्तू गेल्या चार वर्षांत कोणी खाल्ली नव्हती. खाऊ नये, अशी सूचनाच प्रत्येक पोत्यावर तीन भाषांत छापलेली असे. नाव पापडांच्या काळातलं होतं. पापड मागे पडले, अगरबत्त्या आल्या, मग कापडी पिशव्या आल्या, आणि दर वेळी नाव बदलायचं तर तालुक्याला सात चकरा पडतात हे कळल्यावर गटाने नाव तेच ठेवून धंदा बदलायची रीत पाडली. दोन हजार एक्केचाळीस साली अन्नपूर्णा गट तांब्याचं झिओलाइट बनवत होता आणि ते रॉटरडॅमला जात होतं.

रॉटरडॅम नेमकं कुठे आहे हे गटाच्या अध्यक्ष शकुनबाई चकोले यांना सांगता आलं नसतं. भंडाऱ्याहून बरंच लांब, एवढं पक्कं. पण तिथून सुटणाऱ्या जहाजांच्या धुराड्यात आपला माल बसतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्या कोणालाही, न विचारता, सांगत. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. त्याचं त्यांना विशेष काही वाटत नसे. समुद्राने तरी खैरहेटी कुठे पाहिली होती.

जहाजं डिझेल सोडून अमोनियावर चालू लागली तेव्हा काजळी थांबली, पण धुरात नायट्रोजनचे विषारी वायू राहिलेच. ते फोडून त्यांची साधी हवा आणि पाणी करायचं काम झिओलाइट करतं. झिओलाइट म्हणजे दगडाची जाळी. वाळू ज्या द्रव्याची असते त्यात थोडं अॅल्युमिनियम घालून विणलेली, आणि तिचं एकेक भोक इतकं बारीक की रेणूने अंग चोरूनच आत शिरावं. त्या भोकांत तांब्याचे अणू बसवले की ते नाक्यावरच्या माणसासारखे वागतात : आत आलेल्या वायूला मोडल्याशिवाय पुढे सोडत नाहीत.

पूर्वी ही जाळी विणायला सेंट्रिंग लागायचं. स्लॅबसाठी फळ्या ठोकतात तसे महागडे सेंद्रिय रेणू आधी उभे करायचे, त्यांच्याभोवती जाळी जमवायची, पिंपभर पाण्यात दोन-चार दिवस उकडायची, आणि फळ्या काढता येत नाहीत म्हणून शेवटी जाळून टाकायच्या. जळताना जो धूर निघे त्यात नेमके तेच वायू असत, जे काढण्यासाठी हा सगळा खटाटोप. मग तांबं बसवायला ती भुकटी तांब्याच्या पाण्यात तीन-तीनदा बुडवायची आणि उरलेलं निळं पाणी नाल्यात सोडायचं. नाल्याखालच्या गावांनी विकासाचा रंग निळा असतो असं समजून घ्यायचं.

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत कोरडी पद्धत निघाली आणि हे सगळं आटपलं. धानाच्या तुसाची राख, अॅल्युमिनियमचा क्षार, सोडा, जुन्या तारांपासून केलेला तांब्याचा क्षार, आणि आधीच्या बॅचमधली पाच टक्के भुकटी. तिला बी म्हणायचं. सगळं कोरडंच दळायचं, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायचं आणि वीस तास भट्टीत ठेवायचं. क्षारांच्या अंगचा ओलावा तेवढा पुरतो. बीमधले कण पाहून नवे कण रांगेत कसं उभं राहायचं ते शिकतात. फळ्या नकोत, उकळतं पाणी नको, आणि कारखान्याला शंभर एकर जमीनही नको. शेड पुरते. राख जिल्ह्यातल्या राइस मिल फुकट देत. शकुनबाईंचे यजमान तीस वर्षं एका मिलच्या बॉयलरवर होते आणि ही राख गावाबाहेर टाकण्याचा पगार घेत होते. बायको तीच राख आता ट्रॅक्टरने गावात आणते हे पचवायला त्यांना निवृत्तीची पहिली दोन वर्षं लागली.

गटाची गुणवत्ता अधिकारी होती समीक्षा, शकुनबाईंची सून. रसायनशास्त्रात एम.एस्सी., नागपूर. शेडमध्ये ती मॅडम आणि सासू हाताखाली, घरी उलट. मुलगा रोशन हैदराबादला नोकरीला होता, त्यामुळे दोघींना भांडायला मध्यस्थ नव्हता आणि म्हणून त्या फारशा भांडत नसत. सुनेच्या वरणात मीठ कमी, पोळीला कड जाड, रांगोळी वाकडी, एवढं शकुनबाई रोज सांगत. शेडमधल्या तिच्या एकाही कागदाबद्दल त्यांनी चार वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. गावात या गोष्टीचं कौतुक होतं.

प्रमाणपत्राची मुदत संपत आली होती. ते तीन वर्षांसाठी नवं करायला पुण्याहून निरीक्षक येणार, त्यांच्यासमोर एक बॅच लावायची, दुसऱ्या दिवशी ती तपासायची, जमली तर सही. नाही जमली तर रॉटरडॅम बंद, आणि अठरा बायकांनी पुन्हा अगरबत्त्यांकडे बघायचं. शिवाय समीक्षाचा परवाना त्याच प्रमाणपत्राला बांधलेला. खैरहेटीत असं दुसरं काहीच नव्हतं जिथे एम.एस्सी. लागते.

निरीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी, समीक्षा कागदपत्रांसाठी तालुक्याला गेलेली असताना, गिरजाबाई निंबार्ते यांनी दळणाच्या ड्रममध्ये डोकं घातलं. गिरजाबाई गटाच्या सचिव. नजर तिखट, जीभ त्याहून.

“माय वो, हे काय दिसून रायलं,” ड्रमच्या आतून आवाज घुमला. “पुण्याचा माणूस येऊन रायला, अन् आतमध्ये चार वर्षांची खरवड.”

आत चिनी मातीच्या अस्तरावर निळसर थर बसलेला होता. खिचडीच्या पातेल्याच्या बुडाला बसतो तसा.

“साबणानं नाई निघत ते,” कोणीतरी म्हटलं.

“मंग चिंच नाई का घरी?”

भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांचा. इथल्या मुलीला पाढे येण्याआधी चिंचेने पाण्याचा गुंड लखलखीत करता येतो. पाहुणा येणार म्हटल्यावर भांडी घासायची नाहीत तर कधी घासायची, असा विचार अठराजणींच्या मनात एकाच वेळी आला. म्हणजे खरं तर विचार आलाच नाही, हातच कामाला लागले. शकुनबाईंनी स्वतः पदर खोचला. तांब्याचा डाग आणि चिंच यांचं वैर जुनं आहे. तासाभरात ड्रम लग्नातल्या घंगाळासारखा दिसू लागला. शकुनबाईंनी आत वाकून आपलं तोंड पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं.

सकाळी श्री. श्रीरंग वैशंपायन आले. सडपातळ, पांढरे बूट, हातात स्क्रीनची पाटी. त्यांनी प्रथम ड्रम पाहिला.

“इतकं स्वच्छ उपकरण मी चाकणलाही पाहिलेलं नाही,” ते म्हणाले. पुण्याच्या माणसाकडून एवढं म्हणजे फार झालं. गिरजाबाईंनी इकडेतिकडे पाहून सगळ्यांनी ऐकलं ना याची खात्री करून घेतली.

बॅच लागली. राख, क्षार, सोडा, तांबं. समीक्षा निरीक्षकांना तापमानाचे आलेख दाखवत होती, मधेच मान न वळवता तिने विचारलं, “बी?”

“हाव,” शकुनबाई म्हणाल्या. चार वर्षं त्या या प्रश्नाला हेच उत्तर देत आल्या होत्या. ड्रमचं झाकण लागलं, गोटे गडगडले, दुपारी बाराला डबे भट्टीत गेले. नोंदवहीत ‘बी : पाच टक्के’ या रकान्यापुढे शकुनबाईंनी नेहमीसारखी सही केली.

जेवायला पातोडीचा रस्सा होता. वैशंपायनांनी पहिला घास घेतला आणि मग बराच वेळ पाण्याच्या तांब्याकडे आदराने पाहत राहिले. थोड्या वेळाने कान पुसत त्यांनी विषय काढला.

“मला एक सांगा, हे बी ड्रममध्ये चिकटून फुकट जात नाही का?”

“नाही सर,” समीक्षा म्हणाली, “प्रत्येक बॅचनंतर ड्रम धुतो. पद्धतीतच आहे तसं. पाच टक्के अचूक.”

शकुनबाईंच्या हातात भाताचं पातेलं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

चार वर्षांत तो ड्रम कधी धुतलाच नव्हता. आणि चार वर्षांत बी कधी घातलंच नव्हतं.

सुरुवातीचा एक महिना घातलं होतं, कागदात लिहिल्याप्रमाणे. रोज ड्रम धुवायचा, निळं पाणी पिंपात साठवायचं, ड्रम वाळवायचा, बी मोजून घालायचं. पाऊस लागला की ड्रम दोन-दोन दिवस वाळेना. शकुनबाईंनी तीस वर्षं घरी दही लावलं होतं. विरजणाचं गाडगं कोणी घासतं का, असं त्यांच्या मनात आलं आणि एके दिवशी त्यांनी ड्रम तसाच ठेवला, त्यात वरून बी टाकलं. बॅच खरबरीत झाली, गुठळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वरचं बी टाकलं नाही. बॅच लोण्यासारखी उतरली. मग तीच रीत झाली. थर जाड झाला की नखाने ओरखडून बघायचं. निळी रेघ उठली तर ठीक, खपली निघाली तर वरचं थोडं खरवडायचं. अठराही जणींना माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त मॅडमला.

आणि आता ड्रम लखलखीत होता.

दिवेलागणीला समीक्षा ओट्यावर तांदूळ निवडत होती. शकुनबाई समोर येऊन बसल्या. मीठ, पोळी, रांगोळी, काहीच बोलल्या नाहीत. समीक्षाने मान वर केली.

“आई, बरं नाही का?”

“बॅच होणार नाई,” शकुनबाई म्हणाल्या, आणि मग सगळं सांगून टाकलं. थर, नख, गुठळ्या, चिंच. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. चार वर्षांची गोष्ट एवढीशी असते याचं त्यांनाच नवल वाटलं.

समीक्षाने सूप बाजूला ठेवलं.

“म्हणजे मी रोज विचारायची ‘बी?’ आणि तुम्ही ‘हाव’.”

“हाव.”

“आई.”

“आताचं ‘हाव’ खरं हाय.”

समीक्षा उठून अंगणात गेली, तुळशीपाशी उभी राहिली, परत आली. तिचा आवाज शेडमधला झाला होता. “परवाच्या बॅचचे डबे शेडमध्ये आहेत. सर सकाळी आठला येतात. आपण सातला जाऊ, भट्टीतले दोन डबे काढू, परवाचे दोन ठेवू. माल आपलाच आहे, चांगला आहे. फसवणूक अशी काही नाही त्यात.”

“नाई.”

“काहून नाई?” रागात सुनेच्या तोंडी नागपूरही मागे पडून थेट झाडीपट्टीची बोली यायची. “चार वर्षं खोटी सही चालली, अन् हे नाई चालत?”

“सही खोटी केली. माल कधी खोटा नाई केला,” शकुनबाई म्हणाल्या. “कागद खोटा निंगाला तं कागद जाते. डबा बदलला तं उद्या रॉटरडॅमवाला म्हणन, खैरहेटीच्या बायांनी डबा बदलला. ते नाई जात मंग.”

आत यजमानांनी रेडिओ बंद केला. घरातली शांतता ऐकण्यासारखी आहे असं त्यांना वाटलं असावं.

“मला आधी का नाही सांगितलं?” समीक्षाने विचारलं. या वेळी आवाज घरातला होता.

शकुनबाईंनी सूप आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचायला सुरुवात केली. “तू नवी नवरी होती. तो पद्धतीचा कागद तू प्लास्टिकात घालून आणला, भिंतीवर लावला, कोपरे चारदा सरळ केले. मले म्हणे, आई, हे मी स्वतः लिहिलं. वरणात मीठ कमी हाय म्हणता येते मले. त्या कागदात चूक हाय, हे काई म्हणता आलं नाई.”

सकाळी आठला भट्टी उघडली. पावडर फिकट निळसर, मऊ, दिसायला निर्दोष. समीक्षाने चिमूटभर घेऊन टेबलावरच्या क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवली. जाळी विणली गेली असेल तर पडद्यावर ठरावीक जागी टोकदार सुळके उठतात; कणांनी रांगा धरल्याची ती खूण. पडद्यावर एक लांबट, आळशी उंचवटा उठला आणि तसाच पडून राहिला.

“राख,” वैशंपायन म्हणाले. ते काही क्रूरपणे म्हणाले नाहीत. ती राखच होती.

मग शकुनबाई पुढे झाल्या आणि आदल्या संध्याकाळचं सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी उभं राहून, आणि शक्य तितकं पुस्तकी बोलत. त्यामुळे ‘खरवड’ हा शब्द आला की त्या जरा अडखळत. मागे सतराजणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. गिरजाबाईंनी आयुष्यात प्रथमच मधे तोंड घातलं नाही.

“म्हणजे,” वैशंपायनांनी चष्मा काढला, “चार वर्षं रॉटरडॅमला जे गेलं ते…”

“खरवडीचं,” शकुनबाई म्हणाल्या.

“आणि कोणाची तक्रार?”

“नाई बापा.”

वैशंपायन पाटी घेऊन खुर्चीत बसले. ते निरीक्षक होते, पण त्याआधी कधीकाळी रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते, आणि हे दुखणं पूर्ण बरं होत नाही. “जुने नमुने ठेवता?” त्यांनी विचारलं.

शेडच्या मागच्या खोलीत प्रत्येक बॅचची एकेक बाटली होती. हजाराच्या वर. तारीखवार, फडक्याने पुसलेल्या. पापड वाळत घालण्याचा सराव असलेल्या बायकांनी लावलेल्या रांगा त्या, एक बाटली तसूभर पुढे नव्हती. वैशंपायनांनी डोळे मिटून चाळीस उचलल्या. पहिल्या महिन्यातल्या आणखी दहा घेतल्या, ड्रम धुवून बी मोजून केलेल्या. समीक्षा यंत्राशी बसली.

दुपारपर्यंत पडद्यावर सुळक्यांमागून सुळके उठत होते. पहिल्या महिन्यातले दहा पास होते, पण एकाचा सुळका उंच, एकाचा बुटका. कुठे तांबं जाळीच्या भोकांत नीट बसलेलं, कुठे बाहेरच ढेकळासारखं साचलेलं. नंतरचे चाळीस एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसावी असे. तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातली बाटली आणि गेल्या महिन्यातली बाटली, फरक सांगता येईना. भोकांत बसलेलं तांबं पहिल्या दहांच्या दीडपट.

समीक्षा पडद्याकडे बघत राहिली, आणि मग ती जे बोलली ते स्वतःशीच बोलल्यासारखं होतं. “बी वरून टाकलं की त्याच्या गोळ्या होतात. काही कणांना बी मिळतं, काहींना नाही. थर मात्र ड्रमच्या अंगाला सगळीकडे असतो. गोटे फिरले की तो कणाकणाने झिजत राहतो, दर क्षणाला ताजा तुटलेला, सगळ्या राखेत सारखा. आणि त्या थरात तांबं आधीच जागेवर बसलेलं असतं. नवी जाळी त्याच्यावर विणली जाते, तांब्यासकट. म्हणजे तांबं कुठे बसायचं हेही ती तिथेच शिकते.” ती थांबली. “आणि धुवायचं पाणीही नाही. आपण निळं पाणी पिंपात भरून ठेवायचो, आठवतं? चार वर्षांत पिंप भरलं कसं नाही, हे मी कधी विचारलंच नाही.”

“मागच्या तपासणीत आमच्यापैकीही कोणी विचारलं नाही,” वैशंपायन म्हणाले. “पिंप रिकामं दिसलं की आम्ही बरोबरची खूण करतो.”

त्यांनी चहा मागवला, पाटी उलटी ठेवली आणि खालच्या आवाजात सांगितलं की त्यांच्यासमोर दोन रस्ते आहेत. पहिला सोपा. बॅच फसली, कारण उपकरण धुताना राहिलेला आंबट अंश. नियमात एक फेरबॅच मिळते. आज पुस्तकाप्रमाणे बी मोजून लावा, उद्या ती पास होईल, सही करून मी गेलो. नोंदवहीबद्दल मी काही ऐकलेलं नाही. “कालच्या रश्श्याने माझ्या कानांना दडे बसलेत, हे माझी पत्नीसुद्धा शपथेवर सांगेल.”

“अन् दुसरा?” गिरजाबाईंनी विचारलं. सकाळपासूनचा त्यांचा उपास सुटला.

“दुसरा म्हणजे मी ऐकलं असं लिहायचं. चार वर्षांच्या खोट्या नोंदी ही गंभीर त्रुटी. सहा महिने काम बंद. गुणवत्ता अधिकाऱ्याच्या परवान्यावर शेरा, तो आयुष्यभर राहतो. पण मग ही थराची पद्धत कागदावर येते, बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासली जाते. पहिल्या रस्त्याने ती कधीच येणार नाही. पहिल्या रस्त्याने तुम्हाला उद्यापासून ड्रम धुवावा लागेल. रोज. मी दर तीन महिन्यांनी येऊन बघणार.”

शेडमध्ये कुजबुज झाली. सहा महिने म्हणजे सहा महिने. एकीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, दुसरीच्या घरात तिच्याच हातची कमाई होती. शकुनबाईंनी सुनेकडे पाहिलं नाही. सहा महिने त्या काढतील; शेरा दुसरीच्या नावावर बसणार होता, आणि आपल्या ‘हाव’पायी.

“पयला घ्या साहेब,” त्या म्हणाल्या. “आम्ही धुऊ ड्रम. रोज धुऊ. पोरीचं आयुष्य लांब हाय.”

“थांबा सर,” समीक्षा म्हणाली.

ती भिंतीपाशी गेली. प्लास्टिकात घातलेला कागद अजून तिथेच होता, कोपरे सरळ. तिने चारही टाचण्या नखाने उचकटल्या आणि कागद वैशंपायनांच्या टेबलावर ठेवला.

“हा मी लिहिलाय. यात लिहिलंय ड्रम धुवा. वर्षाकाठी दोन-अडीचशे बॅचेस याच्यामुळे फसल्या असत्या किंवा मध्यम झाल्या असत्या. आईंनी चार वर्षं चूक केली नाही सर. चूक मी लिहिली होती, आणि त्यांनी ती मला कळू न देता दुरुस्त केली. आता मी उद्यापासून त्यांना ड्रम धुवायला लावू, माझा परवाना स्वच्छ राहावा म्हणून?” ती बायकांकडे वळली. “पण सहा महिने तुमचे आहेत. मी एकटी ठरवू शकत नाही.”

मतदान हात वर करून झालं. आधी अकरा वर गेले. मग बाकीच्यांनी, जिच्या घरी लग्न होतं तिनेही, शेजारणीशी दोन मिनिटं बोलून हात वर केला. शेवटी गिरजाबाई उरल्या. “मी सचिव हावो, मले मोजाचे रायते,” असं म्हणून त्यांनी आधी सतरा मोजले, दोनदा, आणि मग स्वतःचा हात उंच केला, तो सगळ्यांच्या वर जाईल असा.

शकुनबाईंचा हात केव्हाच वर होता. सून बोलत असतानाच तो गेला होता. मत म्हणून गेला की पदर डोळ्याला लावायला गेला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. चंद्रपुरापर्यंतच्या नात्यागोत्यात त्यांनी पुष्कळ सुना पाहिल्या होत्या. आपली आपण पाहिलीच नव्हती, असं त्यांना त्या क्षणी वाटलं, आणि छाती इतकी भरून आली की त्यांनी नाइलाजाने तोंड उघडलं.

“चहा थंडा झाला तुमचा,” त्या वैशंपायनांना म्हणाल्या.

वैशंपायनांनी पाटी सुलटी केली. त्रुटीचं स्वरूप लिहिलं, तारीख लिहिली, आणि एका रकान्यापाशी थांबले.

“त्रुटीस जबाबदार व्यक्ती,” त्यांनी वाचलं. “नाव?”

“शकुन,” शकुनबाई म्हणाल्या. “सही माही हाय.”

“समीक्षा,” समीक्षा म्हणाली. “पद्धत माझी आहे.”

“जागा एकाच नावाची आहे. यंत्रणा दुसरं घेतच नाही.”

“मग आडनाव लिहा,” समीक्षा म्हणाली. “चकोले. दोघी मावतो.”

त्यांनी तसंच लिहिलं.

काम सहा महिने बंद राहिलं. त्यातले चार समीक्षाने सासूच्या नखाखाली मोजपट्टी धरण्यात घालवले. निळी रेघ उठते तेव्हा थर किती असतो आणि खपली निघते तेव्हा किती, हे कळायला दीडशे वेळा ओरखडावं लागलं. शकुनबाईंचं नख झिजलं आणि त्या तेही लोकांना सांगत सुटल्या. बाहेरच्या तीन प्रयोगशाळांनी पद्धत तपासली. त्यांतल्या दोघींना जमली. तिसरीने पुन्हा पुन्हा राखच केली. शेवटी कळलं की तिथला सफाई कामगार फार प्रामाणिक होता आणि ड्रम रोज रात्री धुऊन ठेवत होता.

पद्धत आंतरराष्ट्रीय नियमावलीत गेली तेव्हा तिला नाव द्यायची वेळ आली. समितीतल्या कोणी मूळ कागद मागवला. त्यावर एकच नाव होतं, ते त्रुटीच्या रकान्यात आहे हे भाषा न येणाऱ्या समितीला समजायचं काही कारण नव्हतं. आज किनाऱ्यावरच्या मोठमोठ्या कारखान्यांत, जिथे पूर्वी पिंपंच्या पिंपं निळं पाणी निघायचं, तिथे दळणाच्या ड्रमवर पाटी असते : चकोले थर, काढू नये. अर्धी अमोनियाची जहाजं त्या थरातून उतरलेल्या जाळीवर श्वास सोडतात.

रॉटरडॅमच्या परिषदेत दोघी पडद्यावरून हजर राहिल्या. शकुनबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि गिरजाबाईंना कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसवणं कोणाला जमलं नव्हतं. तिकडच्या एका वयस्कर शास्त्रज्ञाने दुभाष्यामार्फत फार आदराने विचारलं की आपण दोघी चकोले, तर नियमावलीतले चकोले नेमके कोण.

समीक्षाने सासूकडे पाहिलं. शकुनबाईंनी पदर सारखा केला, आणि समोर सगळा युरोप बसला आहे हे ध्यानात घेऊन जरा सावकाश, सगळ्यांना समजेल असं सांगितलं.

“खरवड माही. माप तिचं.”